घरगुती ध्वनिमुद्रण : आधी काय घ्यावे?

घरी गाण्याचे ध्वनिमुद्रण करू पाहणारे विद्यार्थी प्रथम संगणकाची किंमत विचारतात. त्यापूर्वी थोडे गणित मांडू.

सेकंदाला ४८,००० नमुने व प्रत्येक नमुना २४ बिटांचा, म्हणजे ३ बाइटांचा, धरल्यास एका ट्रॅकला मिनिटास ८.६४ मेगाबाइट जागा लागते. गायन, पेटी, तबला व टाळ असे चार ट्रॅक असलेला पाच मिनिटांचा अभंग सुमारे १७३ मेगाबाइटांत मावतो. हे काम साधा संगणकही करतो.

खरी अडचण विलंबाची. संगणक नमुने गठ्ठ्यागठ्ठ्याने हाताळतो आणि ध्वनीला येता-जाता निदान दोन गठ्ठ्यांएवढे थांबावे लागते. गठ्ठा १२८ नमुन्यांचा असल्यास विलंब ५.३ मिलिसेकंद, १०२४ चा असल्यास जवळजवळ ४३. मग स्वतःचा आवाज कानी उशिरा पडून गायकाची लय सुटते. म्हणून गाताना गठ्ठा लहान व प्लगइन मोजके ठेवावेत. मिश्रणाच्या वेळी दोन्ही वाढवावेत. मग महाग प्रोसेसरवाचून निभावते. सॉफ्टवेअरपैकी ऑडॅसिटी विनामूल्य आहे. रीपर ६० दिवस वापरून पारखता येते.

मी हबीबगंजला राहतो. येथील स्थानकाचे नाव २०२१ मध्ये राणी कमलापती झाले. गाड्यांचे भोंगे पूर्वीसारखेच ऐकू येतात. गाडीची खर्जातली घरघर प्लगइनने बरीच गाळता येते. भोंग्याच्या कंपनसंख्या मात्र गळ्याच्या आवाजात मिसळतात. त्या काढू गेल्यास गाणेही खरवडले जाते. उलट, मायक्रोफोन तोंडापासून निम्म्या अंतरावर आणला की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, आणि त्याला पैसा पडत नाही.

तात्पर्य, पैसा बेताचा असेल तर आधी चांगला मायक्रोफोन घ्यावा, खोलीचा घुमारा गोधड्या टांगून कमी करावा, गाड्यांची वेळ टाळावी. संगणकाचा विचार त्यानंतर.