आक्कांचा घरचा सिनेमा

शेजारच्या आक्का एके दिवशी आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, सासूबाईंना अंथरुणातून उठवत नाही. सिनेमाची मात्र फार हौस. हप्त्यानं मोठा टीव्ही घेते. सही कुठं करू, तेवढं सांगा."

आक्का आता सही करायला शिकल्या आहेत. पण सहीच्या आधी वाचावं लागतं. आम्ही दोघांनी मिळून कागद वाचला. बारा हप्ते, वर व्याज. आम्ही म्हटलं, "आक्का, सही राहू द्या. आधी तुमचा माळा बघू."

माळ्यावर मुलाचा जुना संगणक पडला होता. शेजारी जुना टेपरेकॉर्डर होता. तो कॅसेट गिळायचा, पण त्याचे दोन सुटे स्पीकर धड होते.

घरच्या सिनेमाला तीन गोष्टी लागतात. संगणकाची पेटी चित्र तयार करते. पडदा ते दाखवतो. स्पीकर आवाज देतात. तिघांना जोडतात त्या तारा.

पेटीच्या मागं तारा लावायच्या जागा असतात. निळी, पंधरा छिद्रांची जागा म्हणजे व्हीजीए. तिच्यातून फक्त चित्र जातं. लहान, चपटी जागा म्हणजे एचडीएमआय. तिच्यातून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. ही जागा जुन्या पेटीला नसतेच असंही होतं. हिरव्या गोल छिद्रातून नुसता आवाज बाहेर येतो.

आम्ही निळ्या जागेत तार लावली. चित्र आलं. नट ओठ हलवी, पण आवाज नाही! तासभर आम्ही स्पीकरलाच दोष देत बसलो. मग ध्यानात आलं, हिरव्या छिद्रातून टेपरेकॉर्डरला तार नेलीच नव्हती. त्या तारेला 150 रुपये पडले. खर्च काय तो एवढाच.

संगणक फार हळू चालायचा. मुलगा सणाला आला, तेव्हा त्यानं त्यावर लिनक्स घातलं. लिनक्सची सुरुवात 1991 साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं केली. ते फुकट मिळतं. सिनेमा दाखवणारं व्हीएलसीही फुकट मिळतं.

स्पीकर कसे ठेवावेत? पडद्याच्या दोन बाजूंना, बघणाराच्या कानाच्या उंचीवर. दोन्ही स्पीकर खाटेपासून सारख्याच अंतरावर हवेत. म्हणजे आवाज मधोमध, चित्रातूनच आल्यासारखा वाटतो.

आता एक जपायची गोष्ट. पेटी पुसण्याआधी विजेची तार काढावी. धूळ मऊ, कोरड्या ब्रशानं झाडावी. पेटीत एक लोखंडी डबा असतो. तो सगळ्या भागांना वीज पुरवतो. तो डबा कधीही उघडू नये. तार काढली तरी त्यात काही वेळ वीज साठून राहते. जुन्या, पाठीला फुगीर असलेल्या पडद्याचंही तसंच.

संध्याकाळी खोलीत अंधार केला. मुलानं 'श्यामची आई' लावला. आचार्य अत्र्यांचा हा चित्रपट 1953 सालचा. सासूबाई उशीला टेकून बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "अगं, आवाज वाढव की!"

हप्त्याचा कागद आक्कांनी दुसऱ्या दिवशी परत केला. त्यावर सही नव्हती.

सांगा पाहू :
१. आधी आवाज का आला नाही?
२. लोखंडी डबा का उघडू नये?
३. सही करण्याआधी काय करावं?