झेरॉक्सवाल्यांनी मांडलेलं टेबल आणि आपलं काउंटर

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून राहिलेलं इथं लिहितोय. विषय कम्प्युटरच्या डेस्कटॉपचा आहे. तुम्ही म्हणाल, सर, आम्हाला दुकान टाकायचंय, हा इतिहास कशाला? थोडं थांबा. तुमच्या काउंटरसमोर पहिल्यांदा उभा राहणारा गिऱ्हाईक आणि कम्प्युटरसमोर पहिल्यांदा बसणारा माणूस, दोघांची अडचण एकच असते. इथं काय मिळतं आणि ते मागायचं कसं, हेच त्याला माहीत नसतं.

डॉसच्या काळातली स्क्रीन ज्यांनी बघितली त्यांना आठवत असेल. काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ. एक फाईल दुसरीकडं न्यायची तर आधी आज्ञा पाठ पाहिजे, मग फाईलचं नाव आठवलं पाहिजे, आणि नाव तर आठच अक्षरांचं. एक अक्षर चुकलं की मशीन म्हणणार, समजलं नाही. म्हणजे सगळं ओझं वापरणाऱ्याच्या डोक्यावर.

हे ओझं उतरवायचं काम अमेरिकेत बरंच आधी सुरू झालं होतं. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत माऊस लोकांसमोर चालवून दाखवला. पण टेबलाची कल्पना पुढं आणली ती झेरॉक्स कंपनीनं. हो, तीच. आपल्याकडं स्टँडपासून तहसीलपर्यंत निम्म्या पाट्यांवर जिचं नाव आहे ती. या कंपनीनं १९७० मध्ये पालो आल्टो गावात पार्क नावाची प्रयोगशाळा काढली आणि १९७३ मध्ये तिथं ‘आल्टो’ हा कम्प्युटर तयार झाला. त्याची स्क्रीन आडवी नव्हती, कागदासारखी उभी होती. धंदाच कागदाचा, मग विचारही कागदाचाच होणार की! स्क्रीन म्हणजे ऑफिसातलं टेबल, त्यावर कागद, कागद ठेवायला फोल्डर. काय करायचं ते पाठ करायची गरज नाही. समोर दिसतंय, बोट दाखवा.

याच आल्टोवर ‘ब्राव्हो’ नावाचा प्रोग्रॅम होता. स्क्रीनवर जसं दिसतं तसंच कागदावर छापून येतं, ही सोय त्यात होती. लेझर प्रिंटरही त्याच पार्कमधला. आज तुम्ही लग्नपत्रिका किंवा बॅनर करून देता, त्या डीटीपीच्या धंद्याचं मूळ इथं आहे.

मग पैसा कुणी कमावला? इथं नीट लक्ष द्या. झेरॉक्सनं १९८१ मध्ये ‘स्टार’ बाजारात आणला. एका मशीनची किंमत १६,५९५ डॉलर, आणि एकट्या मशीनवर भागत नव्हतं, सोबत सर्व्हर, प्रिंटर, जोडणी पण घ्यावी लागायची. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी १९७९ च्या डिसेंबरमध्ये पार्क बघितलं होतं. लोक म्हणतात चोरी केली. मला ते पटत नाही. त्या व्यवहारात झेरॉक्सला ॲपलचे १ लाख शेअर सुमारे १० लाख डॉलरला घ्यायला मिळाले होते. ॲपलचा ‘लिसा’ १९८३ मध्ये ९,९९५ डॉलरला आला, तोही चालला नाही. जानेवारी १९८४ मध्ये ‘मॅकिंटॉश’ आला, २,४९५ डॉलरला. स्वस्त तोही नव्हता, पण स्टारच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा कमी. तेव्हा कुठं हे टेबल साध्या माणसाच्या घरात शिरलं. पुढं १९८५ चं विंडोज आणि १९९५ चं स्टार्ट बटन तुम्हाला माहीतच आहे.

आता आपल्याकडचं बघू. चित्रं आली तरी स्क्रीनवर मराठी कुठं होती? डॉसच्या काळात त्यासाठी जिस्ट कार्ड निघालं. हे काम आयआयटी कानपूरला सुरू झालं आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. कार्ड मशीनच्या आत बसवायचं, मग देवनागरी दिसायची. इन्स्क्रिप्ट कीबोर्डची मांडणी पण बघण्यासारखी आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आपली बाराखडी आपल्याला पाठच असते, तिचाच आधार घेतला. नंतर पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीनं डीटीपीवाल्यांचं काम सोपं केलं. फक्त तो फॉन्ट दुसऱ्या मशीनवर नसला की मजकुराचा कचरा दिसायचा. विंडोज २००० पासून युनिकोडमधली देवनागरी विंडोजमध्येच आली आणि हा त्रास कमी होत गेला.

आणि माऊस धरायला शिकवलं कुणी? २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाली, तिच्या एमएस-सीआयटीनं. गावोगावच्या सेंटरवर माणसं पहिल्यांदा बसली. ‘स्टार्ट कुठंय’ म्हटलं की ‘ते हिरवं दिसायलंय बघा’ म्हणत बरोबर तिथं नेणार. ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं ते सुद्धा.

आता हे काउंटरवर आणा. समजा ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. वडवळहून, नळेगावहून माणूस येतो आणि विचारतो, काय काय कागदं लागतात? तुम्ही तोंडानं सहा नावं सांगता. त्यातली चार त्याच्या लक्षात राहतात, दोन घरी राहतात. त्याची एक चक्कर आणि भाडं वाया जातं, आणि पुढच्या वेळी तो शेजारच्या दुकानात जातो. त्यापेक्षा प्रत्येक फॉर्मसाठी लागणाऱ्या कागदांचे कोरे नमुने ओळीनं भिंतीवर लावा. कुणाचं खरं आधार किंवा सातबारा लावू नका. माणूस बघेल आणि स्वतःच्या पिशवीतलं जुळवून घेईल.

मॅकिंटॉशमध्ये जे काम आत्ता होत नाही ते मेनूतून गायब होत नाही, नुसतं फिकट दिसतं. म्हणजे सोय आहे, आज नाही, एवढं कळतं. दुकानात लॅमिनेशनचं मशीन बंद असेल तर पाटी काढून ठेवू नका. तिच्यावर ‘आज बंद’ची चिठ्ठी लावा.

पत्रिकेचं काम करणाऱ्यांसाठी अजून एक. स्क्रीन गिऱ्हाइकाकडं फिरवा. छपाईआधी त्याच्या डोळ्यांसमोर नाव, तारीख, मुहूर्त वाचून घ्या, एका प्रिंटवर सही घ्या. पाचशे पत्रिकांवर नवरीच्या वडिलांचं नाव चुकलं तर कागद, शाई आणि त्या सोयरिकीतली पुढची सगळी कामं गेली समजा.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या दुकानात कधी न आलेल्या माणसाला काउंटरसमोर उभं करा. पाच मिनिटं तुम्ही काही बोलायचं नाही. तो काय काय विचारतो ते वहीत लिहा. त्यातला जो प्रश्न दोनदा आला, त्याचं उत्तर सगळ्यात आधी भिंतीवर लावा.