हिशेब एकाचा मांड

तोरेव्हिएखा, स्पेन
१२ ऑक्टोबर २०२५

चि. निखिल,

इथे येऊन राहण्याच्या खर्चाची तुझी एक्सेलची फाईल मिळाली. दोन दिवस समोर घेऊन बसले होते. भाडं, किराणा, वीज, गाडी, लंडनची तिकिटं, इतकंच काय, रविवारच्या बाहेरच्या जेवणालाही वेगळा रकाना आहे. त्यात सूनबाईचा, मीराचा हात दिसतो. शेवटी तू लिहिलंयस, "आत्या, लंडनच्या निम्म्यात भागतंय." किराण्याचे, जेवणाचे आकडे बरोबर आहेत. पण सगळा हिशेब दोघांचा आहे, आणि तोही साठीतल्या, जिना चढणाऱ्या, गाडी चालवणाऱ्या दोघांचा. या किनाऱ्यावरचं राहणं किती महाग पडतं, ते दोघांतलं एक माणूस गेल्यावर कळतं. मला कळून चार वर्षं झाली, म्हणून लिहिते.

आम्ही २०१४ साली लेस्टरचं घर विकून हा फ्लॅट घेतला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, म्हणूनच परवडला. गॅलरीतून लांब गुलाबी खाऱ्या पाण्याचं तळं दिसतं. तुझे आतोबा रोज संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसायचे. या जुन्या इमारतींत गॅसची पाइपलाइन नाही. शेगडी, गिझर आणि हिवाळ्यातला हीटर, सगळं नारिंगी सिलिंडरवर. आत साडेबारा किलो गॅस, आणि लोखंडाचं वजन जवळपास तेवढंच. सिलिंडरवाला दारापर्यंत आणून देतो. दारापासून गॅलरीपर्यंत तो आतोबा न्यायचे, एका हाताने. ते गेल्यावर पहिल्या जानेवारीत हीटरचा सिलिंडर रात्री नऊला संपला. नवा दाराशी उभा होता आणि मला तो तसूभर हलेना. कोट घालून, दोन रजया पांघरून मी ती रात्र काढली. भूमध्य समुद्राकाठी थंडी नसते असं तुला कुणी सांगितलं असेल तर त्याने इथली घरं पाहिलेली नाहीत. भिंतींना ओल, खाली फरशी, मध्यवर्ती हीटिंग नाही. बाहेर उन्हात सोळा अंश असतात आणि घरात स्वेटरवर शाल लागते.

दोघांचा खर्च एकावर आला की निम्मा होईल असं वाटतं. तसं होत नाही. इमारतीचा मेंटेनन्स, ज्याला इथे कोमुनिदाद म्हणतात, तो तेवढाच. घरपट्टी तेवढीच, विमा तेवढाच. उत्पन्न मात्र खाली येतं. यांची कंपनीची पेन्शन मला निम्मी मिळते, सरकारी पेन्शनचा मोठा भाग यांच्याबरोबर गेला. तुमची पिढी तर नव्या नियमात आहे. पूर्ण सरकारी पेन्शन, २०२५-२६ मध्ये आठवड्याला २३० पौंड २५ पेन्स, तू गेलास की मीराला सहसा मिळणार नाही, आणि ती गेली तर तिची तुला मिळणार नाही. इमारतीत लिफ्टचा ठराव दोनदा पडला. निम्मे मालक फक्त ऑगस्टात येतात, दोन आठवड्यांसाठी त्यांना लिफ्टला पैसे द्यायचे नाहीत. मी आता आठवड्यातून दोनदाच खाली उतरते. तुझ्या फाईलमध्ये या जिन्याला रकाना नाही.

आता तुमच्या येण्याबद्दल. आम्ही आलो तेव्हा ब्रिटिश पासपोर्ट पुरेसा होता. ते दार ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. व्हिसाशिवाय तुम्हाला १८० दिवसांत ९० दिवसच राहता येईल. कायम राहायचं तर न कमावता राहण्याचा व्हिसा लागतो. त्यासाठी एका माणसाला महिना २,४०० युरो आणि जोडीदारासाठी आणखी ६०० दाखवावे लागतात, म्हणजे तुम्हा दोघांना वर्षाला ३६,००० युरो. तू 'कन्सल्टिंग' म्हणून महिना आठशे धरलेयस, ते खोडून टाक. या व्हिसावर काम करता येत नाही, घरबसल्या लंडनचंही नाही.

तब्येतीच्या रकान्याकडे पुन्हा बघ. माझा दवाखान्याचा खर्च ब्रिटन सोसतं, कारण मी तिथली सरकारी पेन्शन घेते. एस-वन नावाचा एक फॉर्म आहे, त्यावर इथे सगळं होतं. तुझी पेन्शन सुरू होणार सदुसष्टाव्या वर्षी. साठीला आलास तर मधली सात वर्षं तुझी तुला काढायची आहेत. व्हिसासाठी पूर्ण खासगी विमा लागतो, डॉक्टरकडे गेल्यावर आपल्या खिशातून काही द्यावं लागत नाही असाच, आणि त्याचा हप्ता वयाबरोबर चढतो. एक वर्ष राहिल्यावर सरकारी योजनेत पैसे भरून शिरता येतं, पासष्टीच्या आत महिना ६० युरो आणि पुढे १५७, माणशी. औषधं मात्र पूर्ण किमतीने घ्यावी लागतात. आणखी एक, इथल्या इस्पितळात रुग्णाजवळ घरचं माणूस असणार असं धरूनच चालतात. जेवण भरवायला, रात्री पाणी द्यायला मुलगी-सून असते. आतोबांच्या शेवटच्या सतरा रात्री मी खुर्चीत काढल्या. माझ्यासाठी ती खुर्ची कोण धरील, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलास की जगभरच्या उत्पन्नावर इथे कर. आयसा या बचत खात्याचं व्याज ब्रिटनमध्ये माफ असेल, इथे नाही. कोथरूडचा फ्लॅट आणि दादाने तुझ्या नावावर ठेवलेल्या एफडी, हेही यात आले. परदेशातल्या ठेवी किंवा घरं पन्नास हजार युरोंच्या वर गेली की त्यांचा तपशील वेगळ्या फॉर्मवर कळवावा लागतो. चांगला हिशेबनीस आधी गाठ, घर मागून बघ.

पौंडाचा भाव तू एकच धरलायस. २०१५ च्या उन्हाळ्यात आम्हाला पौंडाला १.४० युरोच्या आसपास मिळत होते. पुढच्या वर्षी ब्रेक्झिटचं मतदान झालं आणि शरद ऋतूत १.१० वर आलो. हजार पौंडांमागे महिना तीनशे युरो गेले, आमचा काहीही दोष नसताना. तेव्हा हिशेब पौंडाला एक युरो धरून मांड. त्यात भागत असेल तर ये.

"मग सरळ पुण्याला का जात नाही?" असं दादा मला विचारतो, तुलाही विचारील. उत्तर आकड्यात देते. स्पेनमध्ये ब्रिटिश सरकारी पेन्शन दर वर्षी वाढते, भारतात ती गोठते. लेस्टरची आमची एक मैत्रीण २०१२ साली पूर्ण पेन्शनवर नाशिकला परतली. तेव्हा आठवड्याला १०७ पौंड ४५ पेन्स होते, आजही तेवढेच आहेत. ती लेस्टरला असती तर २०२५-२६ मध्ये १७६ पौंड ४५ पेन्स मिळाले असते. पण तिच्या घरी पुतण्या आहे, स्वयंपाकाला बाई आहे, आणि रात्री ताप आला तर शेजारचे मराठीत विचारतात. मी हे दोन्ही तराजूत घालून बघते आणि कधी इकडचं पारडं जड होतं, कधी तिकडचं. तुम्ही दोघांनी मात्र हा विचार आत्ताच करावा.

इथलं चांगलं नाही असं समजू नकोस. शुक्रवारच्या बाजारात संत्र्यांचा वास सुटतो, बारा-चौदा युरोंत तीन पदार्थांचं दुपारचं जेवण मिळतं, आणि खालचा बेकरीवाला मला एक दिवस पाहिलं नाही तर बेल वाजवतो. तो बेल वाजवतो ते मी पासष्टाव्या वर्षी वही घेऊन स्पॅनिश शिकायला बसले म्हणून. तुमच्या इंग्रजीवर फक्त समुद्राकाठची हॉटेलं चालतात. आणि आल्याबरोबर नगरपालिकेच्या यादीत नाव घाल. गावाला सरकारकडून पैसा त्या यादीतल्या डोक्यांवर मिळतो. बाहेरच्यांनी भाडी वाढवली म्हणून २०२४ मध्ये इथली तरुण मुलं रस्त्यावर उतरली होती आणि त्यांचं खरं आहे. त्यांच्या गावात राहायचं तर आपला वाटा द्यायला हवा.

घर विकत घेऊ नकोस. पहिलं वर्ष पूर्ण भाड्याने राहा. ऑक्टोबर ते मे स्वस्तात देऊन जूनमध्ये बाहेर काढणारे मालक पुष्कळ आहेत, आपल्याकडच्यासारखा अकरा महिन्यांचा करार पुढे करणारेही आहेत. कायमच्या राहत्या घराचा करार माग, त्यात कायदा भाडेकरूला पाच वर्षांचं संरक्षण देतो. तळमजला किंवा लिफ्ट, आणि चालत जाता येईल असा दवाखाना, या दोन गोष्टींवर अडून बस. मग ती फाईल उघड आणि दुसरी प्रत काढ, एकदा फक्त मीराच्या नावाने, एकदा फक्त तुझ्या. दोन्हींत तळाशी शिल्लक राहत असेल तर मी स्वतः घर शोधायला हिंडेन.

उन्हाळ्यात येतो म्हणालास, ते नको. जानेवारीचं तिकीट काढा, दोघांचं, निदान दोन आठवड्यांचं. मागची खोली रिकामी आहे, हीटर तिथे लावते. मीराला जाड मोजे आणायला सांग, आणि माझ्यासाठी गोडा मसाला.

तुझी,
आत्या