विमानातून दिसणारा ज्वालामुखी
(भूगोलाच्या पाठासाठी टिपण)

ज्वालामुखीचा पाठ घेताना फळ्यावर बहुधा एकच चित्र काढले जाते. शंकूसारखा डोंगर, मध्ये नळी आणि माथ्यावरून सरळ वर उसळणारा धूर. हे चित्र चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. डोंगर कुशीतूनही फुटतो. अमेरिकेच्या वायव्येस वॉशिंग्टन राज्यातील सेंट हेलेन्स पर्वताच्या उदाहरणाने हे मुलांना चांगले समजते.

मार्च १९८० मध्ये या पर्वतास भूकंपाचे हादरे बसू लागले. आत चढणाऱ्या शिलारसामुळे उत्तरेकडील उतार रोज सुमारे दीड मीटर या प्रमाणात फुगत गेला. १८ मे रोजी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी मोठा हादरा बसून तो उतार कोसळला. बाटलीचे बूच अकस्मात उडावे तसे झाले आणि कोंडलेली वाफ, वायू व तप्त राख उत्तरेकडे आडवी धावत सुटली. त्या क्षणी कीथ व डोरोथी स्टॉफेल हे भूशास्त्रज्ञ दांपत्य लहान विमानातून माथ्यावरून जात होते. वैमानिकाने विमान खाली झोकून वेग वाढविला व ते दक्षिणेकडे वळविले. म्हणून ते वाचले. खाली मात्र ५७ माणसे मृत्युमुखी पडली. पर्वतापासून सुमारे १० किलोमीटरवर निरीक्षण करीत असलेले भूशास्त्रज्ञ डेव्हिड जॉन्स्टन हे त्यांपैकीच होत. मृतांतील अनेकजण प्रवेशबंदीच्या क्षेत्राबाहेर होते.

त्याच आठवड्यात अध्यक्ष जिमी कार्टर यांनी हेलिकॉप्टरमधून हा प्रदेश पाहिला. हिरव्या अरण्याच्या जागी करड्या राखेचे माळ पसरले होते. सुमारे ६०० चौरस किलोमीटर प्रदेश उद्ध्वस्त झाला होता. पर्वताची उंची २,९५० मीटरवरून सुमारे २,५५० मीटरवर आली होती आणि विवराची उत्तर बाजू घोड्याच्या नालाप्रमाणे उघडी पडली होती. मोठमोठे वृक्ष विंचरलेल्या केसांसारखे एका दिशेने आडवे पडले होते. जमिनीवरील माणसास केवळ पडलेली झाडे दिसतात. आकाशातील प्रवाशास ती सारी एका बाजूने आलेल्या झोताची साक्ष देतात.

वर्गात हे प्रयोगाने दाखवावे. ओल्या वाळूचा ढीग करावा व त्याच्या एका बाजूच्या सपाट वाळूत गवताच्या वाळलेल्या काड्या हलकेच रोवाव्यात. ढिगाच्या कुशीजवळून काड्यांच्या दिशेने फुंकणीने जोराने फुंकावे. नंतर मुलांना वरून पाहण्यास सांगून विचारावे, “झोत कोठून आला?” उत्तर शिक्षकांनी आधी सांगू नये. काड्यांची दिशा पाहून मुले ते स्वतः शोधतील.

यानंतर मुलांचे लक्ष गावाजवळच्या काळ्या खडकाकडे वळवावे. सह्याद्रीचा बसाल्टही ज्वालामुखीचाच. परंतु तो असा स्फोट होऊन साचलेला नव्हे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मुख्यतः जमिनीच्या लांब भेगांतून लाव्हा वाहत आला व थरावर थर साचले. डोंगराच्या कड्यावर दिसणाऱ्या पायऱ्या या थरांच्याच आहेत. दोन्ही प्रकारांतील हा भेद मुलांकडून वहीत लिहून घ्यावा.

पाठाच्या शेवटी त्या राखेच्या माळाचे पुढे काय झाले, हेही सांगावे. बिळांत राहणारे काही लहान प्राणी वाचले होते. त्यांनी उकरलेली जुनी माती राखेवर आली. काही वर्षांतच तेथे ल्युपिन नावाची जांभळ्या फुलांची वनस्पती उगवली. आपल्या तुरीप्रमाणेच तिच्या मुळांवर गाठी असतात व त्यांमुळे नापीक राखेस नत्र मिळाले. शेतकऱ्यांच्या मुलांना ही गोष्ट विशेष समजावून सांगावी लागणार नाही. विवरात पुढे १९८६ पर्यंत व पुन्हा २००४ ते २००८ या काळात शिलारस वर आला. पर्वत अजून जागृत आहे आणि त्याच्यावर सतत लक्ष ठेवले जाते.