समुद्रतळाचा प्रतिध्वनी

मुलांनो, शहापूरजवळील माहुलीच्या किंवा मुरबाडपलीकडील माळशेजच्या कड्यासमोर उभे राहून हाक मारली, की क्षणभराने तीच हाक परत येते. कडा दूर असेल तर उशिरा, जवळ असेल तर लवकर. एवढ्या साध्या नियमाच्या आधारे समुद्रतळाखालील खडकांचे नकाशे तयार होतात.

या कामासाठी खास जहाजे असतात. दाबलेली हवा पाण्यात एकदम सोडून ती मोठा आवाज करतात. तो तळ भेदून खाली जातो आणि खडकांच्या थराथरांवरून त्याचे प्रतिध्वनी परततात. जहाजामागून ओढल्या जाणाऱ्या, कित्येक किलोमीटर लांबीच्या केबलमधील ध्वनिग्राहक ते टिपून घेतात. १९६४ ते १९६७ या काळात 'अकादमिक अर्खांगेल्स्की' या सोव्हिएत जहाजावरून प्रतिध्वनींच्याच साह्याने खंबायतच्या आखाताची पाहणी झाली. त्या पाहणीत मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राखाली खडकांचा प्रचंड उंचवटा आढळला. तोच 'बॉम्बे हाय' होय. परंतु प्रतिध्वनी खडकाचा आकार सांगतो. त्यात तेल आहे की नाही, हे सांगत नाही. ते १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट'वरून विहीर खणली, तेव्हाच कळले.

उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात हेच काम फार अवघड होते. तरंगत्या हिमखंडांत अडकली तर केबल तुटते. म्हणून ती बर्फाच्या खालून ओढावी लागते. पुष्कळदा पुढे दुसरे जहाज बर्फ फोडीत वाट करून देते. त्या फुटण्याचा कडकडाटही प्रतिध्वनींत मिसळतो, ही आणखी एक पंचाईत!

कॅनडाच्या उत्तरेकडून जाणारा वायव्य सागरी मार्ग अमुंडसेनने १९०३ ते १९०६ या काळात प्रथम जहाजाने पार केला. त्याच्या पूर्वेकडील तोंडाशी बॅफिनचा उपसागर आहे. तेथील क्लाइड रिव्हर गावचे इनुइट लोक सील व नारव्हल यांच्या शिकारीवर जगतात. नारव्हल हा लांब सुळ्याचा देवमासा अंधाऱ्या पाण्यात आवाजाच्याच आधारे वाट काढतो. २०१४ साली तेथे अशा पाहणीला परवानगी मिळाली, पण आमच्या शिकारीचे काय, असे गावाने त्याआधीच विचारले होते. उत्तरादाखल त्यांना सुमारे ४,००० पानांचा दस्तऐवज मिळाला, तोही बहुतांशी इंग्रजीत! आपल्या तानसा-भातसाचे पाणी मुंबईला जाताना पाहणाऱ्या आम्हां शहापूरकरांना त्या गावकऱ्यांचे मन कळते.

गाव न्यायालयात गेले. २६ जुलै २०१७ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने, गावाशी योग्य विचारविनिमय झाला नाही म्हणून, ती परवानगी एकमताने रद्द केली.