स्कायच्या वहीतला दुसराच माणूस

माझ्या सासूबाईंचं मूळ घराणं स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावरचं. त्यांचे खापरपणजोबा १८५०च्या दशकात बायकोमुलांना घेऊन जहाजाने मेलबर्नला आले. घरात एक सुबक छापलेली वंशावळ होती, पैसे मोजून एका जाणकाराकडून करून घेतलेली. खापरपणजोबांचा बाप्तिस्मा १८१२ साली पोर्ट्रीला झाला, असं तिच्यात होतं. त्या भरवशावर सासूबाई आणि त्यांची भावंडं स्कायला जाऊन आली. पोर्ट्रीजवळच्या एका ओसाड वाडीत, पडक्या भिंतींपाशी उभी राहून रडली. भावाने नातीच्या नावात त्या वाडीचं नाव घातलं. आणि ती वाडी त्यांची नव्हतीच.

मी साताऱ्याकडची. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला गेलं की तीर्थोपाध्याय चोपडा काढतात, गाव-आडनाव विचारतात आणि पिढ्या वाचून दाखवतात. घराण्याची नोंद घराणं म्हणूनच ठेवलेली असते. स्कॉटलंडमधून वसाहतींत गेलेल्या माणसांचं तसं नाही. बाप्तिस्मा चर्चच्या वहीत, घर खानेसुमारीत, प्रवास जहाजाच्या यादीत आणि मरण वसाहतीच्या दप्तरात. या चार ठिकाणी एकच माणूस आहे, हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं. परदेशात अशा घरांशी सोयरीक झालेली मराठी कुटुंबं आता कमी नाहीत, आणि आज ना उद्या नातवंडं दोन्हीकडच्या पूर्वजांबद्दल विचारणार, म्हणून हे लिहिते आहे.

चूक कशी झाली ते समजून घेण्यासारखं आहे. स्कॉटलंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ला सुरू झाली. त्याआधीचं सगळं पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या जुन्या वह्यांवर. पोर्ट्रीची वही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून मिळते. शेजारच्या स्निझॉर्टची मात्र १८२०च्या दशकात सुरू होते. आता १८१२च्या सुमाराला जन्मलेला एखादा डोनाल्ड मॅकडोनाल्ड शोधायला बसलात, तर तो पोर्ट्रीतच सापडणार, कारण स्निझॉर्टच्या डोनाल्डची वहीच नाही. शोधणाऱ्याला वाटतं, एकच नोंद मिळाली म्हणजे हाच तो. एखादी वही चाळण्याआधी ती कोणत्या साली सुरू होते आणि मधली कोणती वर्षं गहाळ आहेत, हे पाहून घ्या.

त्यात नावं तीच ती. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं नाव ठेवायचा तिथला जुना प्रघात. आजोबाला चार मुलगे असले तर त्याच नावाचे चार चुलतभाऊ एकाच खोऱ्यात, दोन-तीन वर्षांच्या अंतराने. नुसतं नाव, आडनाव आणि जन्मसाल जुळणं याला तिथे काडीची किंमत नाही. माणूस ओळखायचा तो त्याच्या भोवतीच्या माणसांवरून: आईचं माहेरचं आडनाव, बायकोचं माहेर, मुलांचा क्रम, शेजारची घरं.

आम्हाला वाट दाखवली ती मृत्युदाखल्याने. व्हिक्टोरियात सरकारी नोंदणी १८५३च्या जुलैपासून आहे, आणि तिथले जुने मृत्युदाखले फार बोलके. बापाचं नाव आणि धंदा, आईचं माहेरचं आडनाव, जन्मगाव, वसाहतीत किती वर्षं राहिला, लग्न कुठे, कितव्या वर्षी आणि कोणाशी झालं, मुलांची नावं वयांसह. खापरपणजोबांच्या दाखल्यावर आईचं आडनाव निकोलसन होतं, छापील वंशावळीत मॅकलाउड. जन्मगावाच्या रकान्यात स्निझॉर्ट. मी लगेच खालचा रकाना पाहिला, माहिती देणाऱ्याचा. तिथे थोरल्या मुलाची सही होती. तो स्वतः स्कायला जन्मलेला, आजीला पाहिलेला. हा रकाना कधीही वगळू नका. तिथे शेजारी किंवा खाणावळवाला असेल, तर आईबापांची नावं ऐकीव समजायची.

मग पोर्ट्रीच्या माणसाचा माग काढला. हे काम फार थोडे लोक करतात आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. ज्याला पूर्वज मानलं आहे तो मायदेशीच राहिला नाही ना, हे तपासायचं. तो १८६१च्या खानेसुमारीत पोर्ट्रीतच होता, आणि पुढे त्याची मृत्युनोंदही तिथेच मिळाली, बाप्तिस्म्याच्या वहीतल्याच आईबापांच्या नावांसह. तेव्हा तर आपली माणसं मेलबर्नला शेती करत होती. एडिंबराच्या राष्ट्रीय दप्तरखान्यातल्या या नोंदी आज 'स्कॉटलंड्सपीपल'वर घरबसल्या पाहता येतात.

जहाजांच्या याद्यांविषयी थोडं सविस्तर सांगते. १८४६पासून बटाट्यावर रोग पडला आणि पश्चिमेकडच्या बेटांवर उपासमार आली. १८५२मध्ये हायलँड अँड आयलंड एमिग्रेशन सोसायटी निघाली. तिने पाच-सहा वर्षांत सुमारे ५,००० माणसं ऑस्ट्रेलियाला धाडली. तिच्या याद्यांत कुटुंबवार नावं आणि वयं आहेत, शिवाय राहण्याची वाडी. मेलबर्नला उतरल्यावरच्या यादीत वाडी नसते. तिथे 'इन्व्हर्नेस' एवढंच लिहिलेलं असतं, आणि लोक इन्व्हर्नेस शहरात शोध घेत बसतात. ते परगण्याचं नाव आहे. स्काय तेव्हा इन्व्हर्नेस परगण्यात होतं. जाताना आणि उतरताना, दोन्ही टोकांच्या याद्या मिळवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दोन्ही याद्यांत तेच जहाज असेल असंही नाही. १८५२च्या डिसेंबरात कॅम्पबेलटाउनहून निघालेल्या 'हर्क्युलिस'वर देवी आणि टायफस पसरला. जहाज आयर्लंडच्या कॉर्क बंदरात अडकून पडलं. माणसं दगावली, उरलेल्यांपैकी कित्येकांना दुसऱ्या जहाजांवर वाटून पाठवलं. एकाच घरातली भावंडं वेगवेगळ्या जहाजांतून, वेगवेगळ्या बंदरांत उतरली. अशा घराचा वंशज एकाच यादीत सगळ्यांना शोधत राहिला, तर अर्धी माणसं वाटेत मेली असंच त्याला वाटणार.

वयांवर तर विसंबूच नका. मदतीच्या प्रवासाला वयाची अट असे. १८५१च्या खानेसुमारीत ३९ वर्षांचे असलेले आमचे खापरपणजोबा वर्षभराने जहाजाच्या यादीत ३६ वर्षांचे झाले आहेत. उपाशी पोरं घेऊन धक्क्यावर उभ्या असलेल्या बापाने चार वर्षं कमी सांगितली. त्याला मी खोटारडा म्हणणार नाही. मुलांचा क्रम मात्र दोन्हीकडे तोच होता, बायकोचं नावही. डोनाल्डचा डॅनियल होतो, एफीची युफेमिया होते, तेवढं धरून चालायचं. सगळ्यात धाकटीचा बाप्तिस्मा पॅरिशच्या वहीत सापडेना. १८४३मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं आणि स्कायमधली बहुतेक कुटुंबं फ्री चर्चकडे गेली. तेव्हा त्या सालानंतरची मुलं त्या चर्चच्या वहीत बघावीत.

हे सगळं सासूबाईंना सांगणं सोपं नव्हतं. ऐंशी पार केलेल्या बाईला, तुम्ही दुसऱ्यांच्या भिंतींपाशी रडलात, असं कसं सांगायचं? फोनवर सांगू नये, भावंडांच्या घोळक्यात तर मुळीच नाही. मी दाखला, खानेसुमारी आणि यादी शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांनाच वाचायला दिली. बराच वेळ त्या निकोलसन या आडनावावर बोट ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "मग पोर्ट्रीचा तो कोणाचा गं?"

त्याचे कागद मी टाकून दिले नाहीत. वेगळ्या फाइलीत, आईबापांच्या नावांसह ठेवले आहेत. त्याची माणसंही कुठेतरी त्याला शोधत असतील. आमच्या वंशावळीत आता प्रत्येक नावाखाली ते कोणत्या कागदावरून घेतलं हे लिहिलेलं आहे, आणि स्निझॉर्टच्या वहीच्या आधीच्या पिढीत, मृत्युदाखल्यावरची दोन नावं सोडली, तर जागा कोरी आहे.