आधी पान उलटून बघ

आंबोलीला मुलांना घेऊन जायचं ठरलं आणि तुझी झोप उडाली ना? कुणी नेच्याचं नाव विचारलं तर काय सांगू, हीच धास्ती! अगं, सगळे नेचे ओळखता यायलाच हवेत असं कुणी सांगितलं तुला? एक नीट ओळख, बाकीचे हळूहळू ओळखीचे होतील. हंसराजापासून सुरुवात कर. शास्त्रीय नाव हवंच असेल तर ॲडिअँटम फिलिपेन्स.

पावसाळ्यात सावलीतल्या ओल्या दरडींवर तो दिसतो. देठ काळाभोर, चकचकीत, आणि त्याच्या दोन्ही अंगांना अर्धचंद्रासारखी छोटी पानं, सरळ ओळीत. देठाला फाटे फुटून पंख्याच्या आकाराची पानं दिसली, तर तो त्याचा भाऊबंद. ओलसर भिंतींवर, विहिरींच्या कडेला वाढतो, आणि तोही इथलाच बरं का.

आता पान उलट. खरं सांगू का, नेच्याची ओळख त्याच्या पाठीवरच असते. हंसराजाच्या छोट्या पानाची बाहेरची कड आत दुमडलेली असते आणि तिच्याखाली बीजाणूंची तपकिरी रेघ. कोवळ्या पानावर ती नसेल, म्हणून गोंधळू नकोस. जरा जून पान शोध. लांब पानाचं टोकही बघ. जमिनीला टेकलं की तिथेच मुळं धरून नवं रोप उभं राहतं! मुलांना हे दाखवच.

एका ठिकाणी मात्र सांभाळ. एका नेच्याचं पान हातावर दाबलं की पांढरा छाप उठतो, मुलं तो उठवणारच. तो पिटिरोग्रामा, मूळचा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला, आपल्याकडे येऊन रुजलेला. पण पांढरी भुकटी दिसली की लगेच परदेशी म्हणून मोकळी होऊ नकोस हं. कातळाच्या फटीत वाढणारे आपले काही देशी नेचेही पाठीमागून तसेच पांढरे असतात. अशा वेळी भिंग लाव. बीजाणू दुमडलेल्या कडेखाली असले तर देशी. कड मोकळी आणि बीजाणू शिरांवरून पानभर पसरलेले असले तर पिटिरोग्रामा. बघ, एवढंच तर आहे!

उपटू मात्र कुणाला देऊ नकोस, अगदी हट्ट केला तरी. पानाची पुढची बाजू, पाठ, देठाचा बुडखा आणि आजूबाजूची जागा, असे फोटो पुरतात. नाव नाही आलं तर मुलांना बेधडक सांग, घरी जाऊन शोधू. आणि भिंगाला दोरी बांधून गळ्यात अडकव गं, ओल्या गवतात पडलं की काही सापडत नाही.